खालच्या ओळींचे दगड

माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. मुलाने न्यूयॉर्क राज्यात वरच्या थंड भागात, एका लांबलचक तळ्याकाठी, वाइनच्या द्राक्षांचा मळा घेतला आणि आम्हा दोघांना तासगावहून बोलावलं. आमचा जन्म द्राक्षबागेत गेला, म्हणून. मळा कसला, कडाच तो! चालताना पाय घसरायचा. आणि जिकडेतिकडे दगड, शाळेच्या पाटीसारखे काळे, चपटे.

मळा विकणाऱ्या म्हातारीने जाताना एक दगड उचलून माझ्या गालाला लावला. ऊन कधीच कललं होतं, पण दगड तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा उबदार. "लीव्ह देम," म्हणाली आणि माझा हात दाबला. तेवढं इंग्रजी मला कळतं हो.

घरी सांगितलं तर हे हसले. "अगं, दगडांत कुणी बाग ठेवतं का? बघणारे नावं ठेवतील." आमच्याकडे दगड वेचलेलं रान म्हणजे नीट राखलेलं रान.

मुलगा म्हणाला, "आई, ट्रॅक्टरला त्रास होतो. त्या म्हातारीचं वय झालंय गं."

"आणि तुझ्या बापाचं नाही झालं?"

ऐकतंय कोण! दोघांनी खालच्या ओळी साफ केल्या, त्या दगडांची पायथ्याला ताल, म्हणजे आडवा बांध, रचली, तिच्यापुढे उभं राहून फोटो काढले आणि तासगावला धाडले. पहिल्या मोठ्या पावसात उघडी माती धुपून तालीपाशी साचली. तासगावला उन्हाने मणी करपू नयेत म्हणून आम्ही घडांना कागद बांधायचो. इथे उन्हासाठी तोंड वेंगाडावं लागतं, आणि ते ऊन रात्रीपुरतं धरून ठेवणारे दगडच ह्यांनी उचलले! वर ती ताल. रात्रीची थंड हवा उतारावरून तळ्याकडे निघून जायची, ती आता तालीशी अडून वेलींवर बसायला लागली.

तोडणीला वरचे घड पिवळसर, खालचे कैरीसारखे हिरवे. दोन्ही रस वेगळे ठेवा म्हणून मी भांडले, तेवढं एक ऐकलं. वाइन मी पीत नाही, पण जिभेला लावून बघितली. वरची आंबटसरच, पण मोसंबीच्या सालीचा वास, आणि मागाहून चव कशी, तर लहानपणी पाटी जिभेने पुसायचो ना, तशी. खालची म्हणजे नुसतं चिंचेचं पाणी.

मग मुलाच्या ऑफिसातली मंडळी आली. हा वरच्या ओळींची वाइन ओतून इंग्रजीत सांगतोय, दगड ऊब धरतो, पाणी निथळतं, मुळं खोल जातात. एकीच्या गालाला दगडसुद्धा लावला! आणि हे शेजारी बसून माना डोलावतायत.

मी उठले, आतून खालच्या ओळींची बाटली आणली आणि सगळ्यांना ओतली. "हीपण घ्या. ही ह्यांनी साफ केलेल्या रानातली." पाहुण्यांची तोंडं आंबली. हे उठून बाहेर गेले.

सकाळी बघते तर हे ताल उचकटून एकेक दगड परत खालच्या ओळींत नेऊन ठेवतायत.

"अगं, जरा हात लाव."

"तुम्ही काढलेत, तुम्हीच ठेवा," म्हटलं, आणि वरच्या ओळीत दगडावर बसून राहिले.