खिळ्यावरची उष्टी रोटी

आमच्या विश्रांतवाडीहून विमानतळ इतका जवळ, की रिक्षावाले यायलाच तयार नसतात. शेवटी आमचे हे स्कूटरवरून सोडायला आले. बॅग पुढे, मी मागे, आणि वाटेभर एकच प्रश्न, "ताजिकिस्तानात बघण्यासारखं आहे तरी काय?"

"अहो, बत्तीस वर्षं सरकारी फायली बघितल्या. आता मला काहीही चालेल," मी म्हटलं.

हिंजवडीच्या ऑफिसात बसल्या बसल्या लेकाने सगळं ठरवून दिलं होतं. दिल्लीला विमान बदलून दुशान्बे, तिथून गाडीने जरफशान नदीच्या खोऱ्यातलं एक गाव, आणि त्या गावातल्या एका घरात सहा दिवस मुक्काम. मी स्वतः तयारी केली ती एवढीच, की मोहरी, हिंग, हळद आणि वाळवलेला कढीपत्ता यांची पुरचुंडी बॅगेत टाकली. परक्या देशातल्या जेवणाचा काय भरवसा!

घाट म्हणजे कात्रजचा, असं मला आजवर वाटत होतं. तो गैरसमज दुशान्बे सोडल्यावर तासाभरात दूर झाला. एका बाजूला कडा, दुसरीकडे खोल दरी, आणि आमचा ड्रायव्हर दोन्ही हात सोडून गाण्यावर टाळ्या वाजवतोय. मी जीव मुठीत धरून बसले होते. डोंगर सगळे उघडेबोडके, तांबूस. जिथे झरा उतरतो तिथेच तेवढी हिरवी झाडं आणि झाडांत गाव. घरांच्या छपरांवर जर्दाळू वाळत घातलेले, त्यामुळे लांबून वाटावं, की गावाने नारिंगी गोधड्या उन्हात टाकल्यात.

दारात गुलबहोर अपा (अपा म्हणजे ताई) उभी होती. माझ्याच वयाची, फुलाफुलांचा पायघोळ झगा, डोक्याला रुमाल. शेजारी तिची सून निगोरा. ही पोरगी आपल्या हिंदी मालिका बघून हिंदी शिकलेली. मला बघताच हात जोडून म्हणाली, "इस घर में आपका स्वागत है, माँ जी!" फक्त आरतीचं ताट तेवढं नव्हतं.

अंगणात तापचान (बसायचा मोठा लाकडी चौथरा) होता. त्यावर कापड अंथरून दही, तुती, जर्दाळू आणि ताटाएवढ्या गोल, जाड रोट्या मांडल्या. अपाने वाटीत हिरवा चहा ओतला, तो अर्धीच वाटी. मी मनात म्हटलं, अरेच्चा, हे तर आपल्या पुण्याचेच लोक! निगोराने खुलासा केला. मानाच्या पाहुण्याला थोडाथोडाच ओतायचा, म्हणजे तो गार होत नाही आणि पुन्हा पुन्हा विचारता येतं. काठोकाठ भरून दिला, तर समजायचं, उठा आता. अर्ध्या कपावरून आम्हाला नावं ठेवणाऱ्यांना एकदा तिकडे पाठवायला हवं.

माझ्या हातून रोटी पालथी ठेवली गेली. अपाने लगेच ती सुलटी केली. रोटी पालथी घालायची नाही, तिचा कण टाकायचा नाही. मी लगेच मान डोलावली. पोळी कचऱ्यात टाकली म्हणून मी आजवर घरात कितीतरी भांडणं केलीत.

गावात फिरले तर पुरुष फक्त म्हातारे. बाकीचे कुठे? घरटी एकतरी रशियात, बांधकामावर. त्यांच्याच कष्टांवर नवी पत्र्याची छपरं आली, मोबाइल आले. शेतं, गुरं, जर्दाळू सगळं बायकांच्या अंगावर. निगोराचा नवरा फर्रुख तीन वर्षांपूर्वी तिकडे गेलेला. गेल्या वर्षी यायचा होता, पण कागदपत्रांत अडकला. आता हिवाळ्याआधी येईन म्हणतो. त्याचं नाव निघालं की दोघी आधी फोनकडे बघायच्या.

आणि चौथ्या दिवशी मला नसती बुद्धी सुचली.

दोघी जर्दाळू उतरवायला गेल्या होत्या. म्हटलं, यांना आपलं काहीतरी करून घालावं. फोडणीची पोळी! त्याला शिळी पोळी लागते. ती स्वयंपाकघरात भिंतीवर खिळ्याला टांगलेली मी पहिल्या दिवसापासून बघत होते, दगडासारखी वाळलेली, एका कडेला कुणीतरी चावा घेतलेली. विसरले असतील बिचारे. काढली. उष्टा तुकडा मोडून कोंबड्यांसाठी बाजूला ठेवला आणि बाकीची उखळात घालून मस्त कुटली.

निगोरा टोपली घेऊन आत आली. तिने रिकामा खिळा बघितला, उखळ बघितलं आणि मटकन खाली बसली.

"वो फर्रुख की रोटी थी, माँ जी."

घर सोडताना माणसाने रोटीचा एक घास खायचा. उरलेली रोटी घरचे टांगून ठेवतात. परत येऊन ती त्यानेच संपवायची, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. तीन वर्षं या पोरीने त्या रोटीला मुंगी लागू दिली नव्हती.

"आता तो आलाच नाही तर?" ती म्हणाली. शरमेने डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, बॅग उचलावी आणि पुणं गाठावं.

तेवढ्यात अपा आली. निगोराने तिला सांगितलं. मी गुपचूप तो उष्टा तुकडा पुढे केला. अपाने तो उलटून पाहिला, दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि काहीतरी विचारलं. निगोराने हिंदीत सांगितलं, एवढाच वेगळा का ठेवलास?

"दुसऱ्याचं उष्टं आम्ही खात नाही," मी कशीबशी म्हणाले.

निगोराने भाषांतर केलं. अपा जी हसत सुटली! रुमालाने डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे पीठ कुटलंस, आमचा फर्रुख ठेवलास."

चुरा तिने फडक्यात बांधला, त्यात तो तुकडा ठेवला आणि पुरचुंडी त्याच खिळ्याला अडकवली. निगोरा मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी चुऱ्याकडे बोट दाखवून तिने मला एवढंच विचारलं, "इसका क्या बनता है?" मी तिला फोडणी शिकवली आणि माझी मोहरी-हिंगाची पुरचुंडी तिच्याकडेच ठेवली.

निघताना अपाने ताजी रोटी माझ्या तोंडापुढे धरली. मी घास घेतला. पुढचा एक दात काढलेला असल्यामुळे दातांच्या खुणांत मधे फट राहिली. ती रोटी तिने दुसऱ्या खिळ्याला टांगली.

पुण्यात परत आले आणि माझा जीव लागेना. दर आठवड्याला मेसेज, आला का? उत्तर, अभी नहीं. दिवाळी झाली. हे म्हणाले, "अगं, तुझा कोण लागतो तो?" काय सांगणार? त्याची रोटी मी कुटली होती. बरं-वाईट काही झालं असतं, तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

मग एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. एक दाढी वाढलेला तरुण ताटातून फोडणीचा चुरा खात होता. हिंगाने तोंड वाकडं करत होता, पण खात होता. निगोरा पलीकडून ओरडली, "माँ जी, सब खत्म करेगा!"

मी रडले, लपवत नाही. यांनी चष्मा लावून फोनमध्ये डोकं घातलं.

"मागे भिंतीवर ते काय टांगलंय?"

एक खिळा रिकामा होता. दुसऱ्यावर रोटी होती, कडेला चावा, मधे एका दाताची फट.

"माझी आहे," मी म्हटलं.

यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "संपवायला कधी जायचं? या वेळी मी येतो."