जावेचा दंड कोरडा राहिला

कोरोना आला त्या वर्षी आम्हा दोघी जावांना दवाखान्यात बोलावून दंडावर सुई टोचली. बाळांना क्षयाची टोचतात तीच लस. म्हाताऱ्यांना ती कोरोनात उपयोगी पडते का, ते बघायचं होतं. काहींना लस, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं.

क्षयाची लस कोरोनाला कशी चालेल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कुठलाही रोग आला की अंगातले काही राखणदार आधी धावतात. त्यांना एकेका रोगाची ओळख नसते, पण ही लस त्यांना हलवून जागं करते आणि पुढचे काही महिने ते कुणावरही लवकर धावतात. माणसाला त्यानं खरंच किती फायदा होतो, तेच तपासतोय.

वडगावात आमचं एकच घर, दोन भाग, मधे दार. दोघींचे नवरे गेलेले. दुपारी जाऊबाई दार उघडून यायच्या आणि आम्ही शेजारच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायचो. मला बोलायला तेवढंच माणूस.

माझ्या दंडावर फोड उठला, पिकला. त्यांचा दंड कोरडाच. आमच्या लहानपणी देवीची लस टोचायचे तेव्हा फोड उठला तरच ती लागली म्हणायचे, नाहीतर परत टोचायचे. त्यांनी तोच हिशेब धरला आणि मधल्या दाराला त्यांच्या बाजूनं कडी घातली.

"आक्का, मी काय खातोय व्हय तुम्हाला?" मी दाराशी जाऊन विचारलं.

"तुझ्यात राखणदार बसलं गं. तू बाजार हिंडशील, तुला काय हुणार न्हाय. माझ्यात नुसतं पाणी. मला रोग आणून देशील."

मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. फोड आला म्हणजे कोरोना होणार नाही असं नसतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ते दारातून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, त्या तसंच सांगणार.

पुढे कोरोनाची लस आली, दोघींनी घेतली. तिनं कुणालाच फोड आला नाही, म्हणून त्यांना तेही पाणीच वाटलं.

कोरोना आम्हाला झाला नाही. सगळे पुन्हा हिंडायला लागले तरी कडी निघाली नाही. त्यांना एकटं बसायची सवय झाली. मला झाली नाही. दुपारी त्या भिंतीपलीकडून जेवलीस का विचारतात. मी व्हय म्हणते, जेवलेली असो नसो.