कोणत्याही प्रकारचे व्यसन नाही

गेल्या रविवारी माझी चांगलीच जिरली... आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. म्हणून आज स्वतःच सांगतोय.

इथे सिडकोत आमच्या कॉलनीचं एक छोटं मंडळ आहे. एकट्या, गरजू बायकांना आम्ही दर महिन्याला धान्याचं किट देतो... गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल. चांगलं काम आहे, त्याबद्दल वाद नाही.

मागच्या मीटिंगमध्ये मीच विषय काढला. फुकटचं घ्यायचं आणि वाचलेल्या पैशांत व्यसनं करायची, अशांना आपण का पोसायचं? एकाने तर पोलिसांकडे असतं तसं फुंकायचं मशीन आणू म्हटलं... शेवटी प्रत्येकीकडून लेखी घ्यायचं ठरलं.

मजकूर अर्थातच माझा. 'मला कोणत्याही प्रकारचे व्यसन नाही. आढळल्यास माझे धान्य बंद करावे.' बँकेत आयुष्य फॉर्म तपासण्यात गेलंय, त्यामुळे 'कोणत्याही प्रकारचे' सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. पळवाटच नाही!

रविवारी समाजमंदिरात टेबल मांडून बसलो. बायका येत होत्या, मी बोट दाखवेन तिथे सही नाहीतर अंगठा करत होत्या, किट उचलून जात होत्या. वाचत कुणीच नव्हतं... मीही वाचून दाखवत नव्हतो.

मग ठकूबाई आल्या. मूळच्या वणीकडच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, भाजी मार्केटात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधतात. त्या प्रौढ वर्गात वाचायला शिकल्यात, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मागे रांग चुळबुळत होती. मग मान वर करून म्हणाल्या, "भाऊ, कोणत्याबी म्हंजे मिसरीसुदिक आली का?"

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दातांना लावतात ती. कामावर जाणाऱ्या कितीतरी बायका लावतात. सरळ प्रश्न होता, पण मला तोंडच उघडता येईना.

कारण माझ्या गालात तंबाखू होती... नुकतीच चुना लावून, मळून ठेवलेली.

मी नुसतं "हं... हं..." केलं. ठकूबाईंनी माझ्या गालाकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या, "आधी थुकून या भाऊ. मंग सांगा."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर परवडलं असतं.

बाहेर जाऊन थुंकलो, चूळ भरली. मुद्दाम वेळ लावला, खोटं कशाला बोलू. परत आलो तर ठकूबाई गेल्या होत्या. शेजारी बसलेला आमचा खजिनदार म्हणाला, "मिश्री लावतात म्हणे. खोटी सही करणार नाही म्हणाल्या. लिहा, अपात्र."

आणि मी लिहिलं... ह्याच हाताने.

परवा दुकानातून तेवढंच सामान घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसायला दिलं, चहा केला. मग विचारलं, "कागद बदलला का?"

मी म्हटलं, "नाही अजून... हे माझ्याकडून आहे."

"मंग नको, भाऊ. मंडळाच्या वहीत माझं नाव हाय ना, त्या नावावर द्या. हे घेतलं तर चोरून घेतल्यावानी व्हईल."

पिशवी तशीच परत आणली. बायकोने विचारलं, एवढं सामान कशाला? काहीतरी थाप मारली.

ती अट काढा, हे मंडळात मलाच सांगावं लागणार. का काढायची, हेही सांगावं लागणार. मंडळातले सगळे ही पोस्ट वाचतील, म्हणून मुद्दाम इथे लिहितोय... आता मला माघार घेता येणार नाही.

त्या दिवशी तो कागद वाचून खरं उत्तर देणारी एकच बाई होती. ह्या महिन्याचं धान्य फक्त तिला मिळालेलं नाही.