वाळूची कावड

त्या गुढीपाडव्याला मी देवाला पाणी घालायला निघालो नव्हतो, भांडायला निघालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला मोठा भक्त समजायला नको.

सोनईत माझं शिंप्याचं दुकान होतं. दिवसभर मशीन मारणारा माणूस मी, पळणं सोडाच, झपझप चालायचीही सवय नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळात नवे कपडे कोण शिवणार? फाटक्याला ठिगळ लावायची कामं तेवढी यायची. त्यात माझी पाच वर्षांची लेक शकू दिवाळीत अंथरुणाला खिळली. तिचं काळीज जन्मापासून कमजोर आहे, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधं दिली आणि वाट बघा म्हणाले. वाट बघणं माझ्या स्वभावातच नाही. मी शिंगणापूरच्या शनिदेवाला नवस बोललो की पोर उठून चालू दे, पाडव्याला प्रवरासंगमाहून गंगेचं पाणी पळत आणीन, कावड वाटेत टेकवणार नाही की दुसऱ्याच्या खांद्यावर देणार नाही.

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पाडव्याला तिचं पाणी शिंगणापूरला नेण्याची रीत जुनी आहे. पण पोरं टोळीनं जातात, आळीपाळीनं कावड घेतात. मला एकट्यालाच वाहायची होती, म्हणून हिवाळाभर सराव केला. पहाटेच्या थंडीत बोटं वळत नसायची. खांद्यावर बांबू, त्याच्या दोन टोकांना तांब्याच्या दोन कळशा. सरावाला पाणी कुठून आणणार? विहिरीत गाळ उरला होता. मी कळशांत ओढ्यातली वाळू भरली आणि शिंगणापूरच्या रस्त्यानं पळायला लागलो. खांद्याची सालटी निघाली, घोटे सुजले. दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेले लोक हसायचे. "टेलरमास्तर, वाळू इकाया काढली का काय?" मी त्यांना शिव्या हासडून पुढं जायचो.

घरी आलो की वाळू अंगणात शकूच्या गोधडीशेजारी ओतायचो. कोवळ्या उन्हात ती मनगटापर्यंत हात घालून बसायची, ढीग करायची, मोडायची. पहाटे मी तीच वाळू पुन्हा भरून घ्यायचो. "दादा, माजी वाळू सांडू नगा," असं ती रोज बजावायची, जशी काही साखरच होती ती.

माघात ती गेली. त्या सकाळी मी सराव करून आलो, कळशा उतरवल्या, तेव्हा शकूची आई गोधडीपाशी नुसती बसलेली होती. ती रडली नाही. तेरावं झालं तरी रडली नाही. चूल पेटवायची, भाकरी थापायची आणि भिंतीकडे बघत राहायची. दोन घास खाल्ले तर खाल्ले. शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला रडवा, न्हाईतर ती बी हातची जाईल." मला ते कसं जमावं? मी स्वतःच तिच्यासमोर बसायला घाबरत होतो.

लोक म्हणाले, आता कसला नवस, बसा घरी. मी बसलो नाही. त्यानंतर वाळू एकदाही ओतली नाही, तशीच घेऊन पळत राहिलो. मनात एकच होतं, पाणी आणायचं, शनीच्या शिळेसमोर उभं राहायचं आणि देवाच्या डोळ्यांदेखत मातीत ओतून द्यायचं. पाडवा आला तशी वाळू जुन्या धोतरात बांधून कोपऱ्यात ठेवली आणि कळशा रिकाम्या केल्या.

गंगेचंही तेव्हा डबकं झालं होतं. उजाडताना कळशा भरून निघालो आणि थोड्याच वेळात माझं शहाणपण उघडं पडलं. वाळू कळशीत गप्प बसते, पाणी बसत नाही. माझा पाय एकीकडे, पाणी दुसरीकडे. जितकी कावड घट्ट आवळावी तितकं जास्त सांडायचं. चैत्राचं ऊन चढलं, अर्ध्या वाटेत निम्मं पाणी गेलं होतं आणि एका निंबाखाली मला थांबावं लागलं. खाली टेकवता येईना, उभं राहवेना. चीड आली, रडू आलं.

समोरून एक बाई येत होती. डोक्यावर रिकामा हंडा, विरलेल्या लुगड्याला दोन रंगांच्या दोऱ्यांचे टाके. तिनं हंडा ठेवला आणि काही न विचारता कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली. शनीच्या कावडीला बाईमाणसानं हात लावायचा नाही, हे तिलाही माहीत असणारच. माझा तर बोलच होता कोणाला न देण्याचा. मी धुळीत बसून राहिलो.

"कुनाचा नवस?"

"पोरीचा."

"बरी झाली का?"

"गेली."

कावड एका हातानं सावरत ती निंबाखाली सरकली. मग निंबाचे दोन डहाळे मोडून तिनं एकेका कळशीत सोडले. "पानी सांडायचं न्हाई आता. आन् त्याला आवळून धरू नगा. हलू द्या, त्याच्या संगं चाला."

मी म्हणालो, तुमचा हंडा रिकामा आहे, यातलं घ्या.

"देवाचं हाय त्ये. आमचा टँकर यील," असं म्हणून तिनं कावड माझ्या खांद्यावर ठेवली आणि वाटेला लागली.

त्यानंतर मी पळालो नाही, चालत गेलो. शिळेसमोर उभा राहिलो तेव्हा भांडायचे शब्द तयारच होते. पण रिकामा हंडा घेऊन जिनं एक थेंब मागितला नाही, तिनं राखलेलं पाणी मातीत कसं ओतायचं? ओलेत्यानं चौथऱ्यावर चढलो आणि दोन्ही कळशा देवावर रिकाम्या केल्या. म्हणालो, मला नाही जमत, पोरीच्या आईकडं आता तूच बघ.

घरी येऊन धोतराची गाठ सोडली आणि वाळू अंगणात, गोधडीच्या जागी ओतली. शकूची आई दारात आली. बघत राहिली, मग खाली बसली आणि मनगटापर्यंत हात वाळूत घातला. "सांडू नगा म्हनायची," एवढंच म्हणाली आणि हंबरडा फोडला. मी तिच्याजवळ बसलो. दिवेलागण झाली तरी आम्ही दोघं तिथंच रडत होतो. त्या रात्री ती पोटभर जेवली.

ती बाई कोण, हे मी शोधलं नाही. कोणी देवी म्हणतं, मला तिच्या लुगड्याचे टाके आठवतात. लेक परत आली नाही, पण लेकीची आई मला परत मिळाली. त्यासाठी मी रोज हात जोडतो. ती वाळू अजून अंगणात आहे. वारा नेईल तेवढी नेतो, मी अडवत नाही.