पेठच्या पावसाची बेरीज

बायकोला माझं सगळं माहीत आहे, हे एवढं सोडून. तुम्हालाच का सांगतोय? बहुतेक परवाच्या मेथीच्या जुडीमुळे.

माझं काम प्रोग्रामिंगच्या भाषा तयार करायचं. पहिली केली ती इथेच, नाशिकला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. काय दिवस होते! लॅबमधल्या तापलेल्या कॉम्प्युटरांचा वास, मधल्या सुट्टीत मिसळ, वर पुन्हा पुन्हा मागितलेला रस्सा — आणि समोर मंगल, पेठ गावाहून आलेली माझी वर्गमैत्रीण. माझ्या भाषेत पहिला प्रोग्राम लिहिला तो तिनं. आपली भाषा दुसरं कुणीतरी वापरतंय — तसा आनंद मला पुन्हा झाला नाही, खरंच सांगतो.

प्रोग्राम साधाच होता, पेठच्या पावसाची बेरीज करणारा. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मला कळलं, की माझा कंपायलर — म्हणजे आपण लिहिलेलं कॉम्प्युटरला समजावून देणारा भाग — कधीकधी यादीतला शेवटचा आकडा गिळतो. दुरुस्त करायला वेळ नव्हता. सांगायला? सांगायला होता.

परीक्षकांसमोर मंगलनं तोच प्रोग्राम चालवला आणि बेरीज चुकली. त्यांनी मला विचारलं, चूक भाषेची की प्रोग्रामची? मंगल माझ्याकडे बघत होती. आणि मी — मी म्हणालो, "प्रोग्रामची."

"माझंच कायतरी चुकलं असंल, सर," ती म्हणाली.

माझी वाहवा झाली. ती पुढे कित्येक दिवस लॅबमध्ये आपली चूक शोधत बसायची. शेजारी बसून मीही शोधायचो — हो, मीही! तिनं नाद सोडला, तेव्हाच मी कंपायलर दुरुस्त केला. आठवलं की अजून लाज वाटते.

पुढे माझ्या प्रत्येक भाषेत एक सोय ठेवली. बिघाड भाषेचाच असेल, तर पडद्यावर येतं, 'चूक माझी आहे, तुमची नाही.' लोकांना ते फार आवडतं. कसं सुचलं, म्हणून विचारतात. मी नुसता हसतो.

परवा पंचवटीच्या भाजीबाजारात मंगल भेटली. पेठला कपड्यांचं दुकान चालवते. सोबत लेक होती, बारावीतली.

"ह्याची भाषा लय चांगली होती," मंगल तिला म्हणाली, "मलाच नाय जमली." मग माझ्याकडे वळून, "हिला कॉम्प्युटरच शिकायचंय. मी म्हणते, आपल्या डोक्यात नाय बसत ते."

लेक माझ्याकडे बघत होती.

मी मेथीची जुडी उचलली आणि म्हणालो, "होतं गं असं कधीकधी."