रुबीनाच्या कोंबड्या

मित्रांनो, खरं सांगतो, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

मी धुळ्यात गावठी कोंबड्यांच्या जनुकांचा अभ्यास करतो. त्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, ते रक्तातल्या डीएनएवरून बघायचं. मी एका गावात तीस घरांतून तीस कोंबड्यांचं रक्त घेतलं, तेही एका दिवसात! माझ्यासोबतच्या रुबीनाला शेजारच्या गावात तेवढ्याच कामाला आठवडा लागला. मी हसलो होतो तिला.

आज सकाळी सरांनी दोघांचे निकाल पडद्यावर लावले. एक ठिपका म्हणजे एक कोंबडी; जितक्या वेगळ्या, तितके ठिपके लांब. तिच्या कोंबड्यांचे ठिपके सगळीकडे पसरलेले. माझे सगळे एका कोपऱ्यात, एकमेकांवर चढलेले. सर म्हणाले, "रुबीना, आता पेपर तूच लिही."

मी तडक गाडी काढून गाव गाठलं. पहिल्याच घरातल्या अक्कांना निकाल सांगितला, तर त्या हसायलाच लागल्या. "बठ्ठ्या एकच मायन्या पोरी शेतस, भाऊ!"

सगळ्या एकाच आईच्या लेकी! अक्कांच्या कोंबड्या तगड्या. म्हणून घरची कोंबडी खुडूक झाली की गावातल्या बाया अक्कांकडूनच अंडी नेऊन तिच्याखाली उबवायला ठेवतात.

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू इचारं का?"

परत येऊन रुबीनाचा जुना मेसेज शोधला. 'रक्त घ्यायच्या आधी अंडी कोणाकडची ते विचार.' त्यावर मी नुसता अंगठा पाठवला होता.

त्याच मेसेजखाली आता तिचं अभिनंदन लिहायचंय. तासभर झाला, लिहितोय आणि पुसतोय. तुम्हाला जमलं असतं का हो?