प्रिंटरच्या लॉगमधलं नाव

सोमवारी सकाळी सव्वानऊला माझ्याकडे एक तिकीट आलं. आयटीत तिकीट म्हणजे कामाची लेखी मागणी. कोणाचा पासवर्ड चालत नाही, कोणाचा मॉनिटर बंद पडलाय, सगळं तिकिटातून येतं. हे तिकीट एचआरमधल्या डेनिस नावाच्या बाईचं होतं. 'तिसऱ्या मजल्यावरच्या दोन प्रिंटरचा गेल्या तीन आठवड्यांचा लॉग हवा. युजरच्या नावांसकट. कारण: टोनरची बचत.' प्रायॉरिटी हाय.

टोनरची, म्हणजे प्रिंटरच्या शाईची, काळजी एचआरला कधीपासून वाटायला लागली? हॉस्पिटलमध्ये साठेक प्रिंटर आहेत, मग हे दोनच का? आणि टोनरचा हिशेब करायचा तर पानांचा आकडा पुरतो. नावं कशाला?

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये सिस्टिम्स ॲडमिनिस्ट्रेटर आहे. सर्व्हर, मेल, प्रिंटर, दरवाज्यांचे बॅज, हे सगळं चालू ठेवणारा माणूस. मूळचा नागपूरचा, राहतो श्रूजबरीत. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे, आणि लॅबवाले युनियन करायच्या मागे लागलेत हे तेव्हा सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. ब्रेकरूममध्ये सकाळी युनियनच्या प्रचाराचे निळे कागद दिसायचे. दुपारपर्यंत कोणीतरी ते उचलायचं. दुसऱ्या दिवशी परत नवे.

माझे वडील विजेच्या खात्यात लाइनमन होते. युनियन म्हटली की मला गेटसमोरची सभा आठवते, आणि एकाच गेटवर चार पक्षांचे चार झेंडे. इथे तसं नाही. एका प्रकारचं काम करणाऱ्यांचा एक गट धरतात, आणि त्या गटाला एकच युनियन मिळते. आधी लोक 'आम्हाला युनियन हवी' असं छापलेल्या कार्डावर सही करतात. गटातल्या किमान तीस टक्के लोकांच्या सह्या झाल्या की सरकारी लेबर बोर्डाकडे अर्ज जातो आणि बोर्ड गुप्त मतदान घेतं. जिंकलात तर तुमची शाखा होते, तिला लोकल म्हणतात. लोकलच्या वर राष्ट्रीय युनियन, आणि खाली रोजच्या कामाच्या जागी स्टीवर्ड, म्हणजे तुमच्यातलाच एकजण, जो तुमची तक्रार घेऊन मॅनेजरसमोर बसतो. सुपरवायझरना यात जागा नाही. मतदान होईपर्यंत कार्डावर कोणी सही केली हे कंपनीला कळता कामा नये, यावर सगळा डाव उभा असतो.

हे मला तेव्हा अर्धवटच माहीत होतं. म्हणून मी एक चूक केली. आधी लॉग काढून पाहिला.

प्रिंटरच्या लॉगमध्ये चार गोष्टी असतात: कोणी छापलं, कधी, किती पानं, आणि फाइलचं नाव. स्क्रीनवर यादी आली. कोणाच्या मुलीच्या वाढदिवसाचं आमंत्रण. मुलांच्या सॉकरचं वेळापत्रक. माझा बॉस ग्रेग, आयटीचा डायरेक्टर, त्याचा प्रिंटर बिघडला होता त्या आठवड्यात त्याने तिसऱ्या मजल्यावर मासेमारीच्या तळ्याचा नकाशा छापला होता, रंगीत. आणि सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, ऐंशी पानं, फाइलचं नाव 'युनियन कार्ड, प्रश्नोत्तरं, फायनल दोन.' युजर: वैशाली.

वैशाली नाशिकची. लॅबमध्ये टेक्निशियन. आमच्याच अपार्टमेंटमध्ये राहायची. त्यांच्या घरी एकच गाडी, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी ती माझ्याबरोबर यायची. मला दादा म्हणायची. माझ्या मुलाच्या सायन्स प्रोजेक्टला तिने आख्खा रविवार दिला होता.

मी विंडो बंद केली. काही सेव्ह केलं नाही. तिकिटावर लिहिलं, 'कर्मचाऱ्यांच्या नावांसकट डेटा देण्यासाठी कम्प्लायन्सची मंजुरी लागते. कृपया जोडावी.' कम्प्लायन्स म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग, आणि हा नियम खरा होता. तो आजवर कोणी पाळला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

दहा मिनिटांत फोन.

"अभय, हे तिकिटात नको लिहायला," डेनिस गोड आवाजात म्हणाली. "छोटंसं काम आहे. तू थेट मला मेल कर. नाहीतर पेन ड्राइव्हवर आणून दे."

"मंजुरी आली की लगेच देतो."

"ग्रेगशी बोलू का मी?"

"बोला ना."

जेवणानंतर ग्रेगने बोलावलं. दार लावून घेतलं. एरवी तो दार लावत नाही.

"काय प्रॉब्लेम आहे? लॉग हॉस्पिटलचा, प्रिंटर हॉस्पिटलचा."

"टोनरसाठी हवा असेल तर पानांचा आकडा आत्ता देतो."

त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. "हॉस्पिटलचा प्रिंटर खाजगी कामाला वापरणं पॉलिसीच्या विरुद्ध आहे. त्यावरून माणसाला काढता येतं. एवढंच आहे."

मला तळ्याचा नकाशा आठवला.

"बाय द वे," मी उठताना तो म्हणाला, "तुझ्या ग्रीन कार्डच्या फाइलवर या महिन्यात माझी सही लागणार आहे ना?"

तो हसत होता. धमकी होती की चौकशी, हे आजही मला शपथेवर सांगता येणार नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. नीलिमा म्हणाली, "आकडा दे, नाव गाळ." मी म्हटलं, नावच हवंय त्यांना.

मंगळवारी सकाळी वैशाली गाडीपाशी आली, पण आत बसली नाही.

"दादा, एक विचारू? आयटीला आमचे मेल वाचता येतात का?"

"येतात. वाचत नाही."

"लॅबमध्ये बोलतायत की एचआरने आयटीतल्या कोणाला तरी कामाला लावलंय."

"कोण बोलतंय?"

"ते कशाला हवंय तुम्हाला?"

झालं. माझा साधा प्रश्न चौकशीसारखा ऐकू गेला. आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा संशय आला. ती हे सहज विचारतेय, की युनियनच्या कमिटीने मला चाचपून बघायला पाठवलंय? सांगून टाकावं असं ओठावर आलं होतं. पण तिने लॅबमध्ये जाऊन सांगितलं असतं तर बातमी कुठून फुटली हे डेनिसला दोन मिनिटांत कळलं असतं. मी फक्त तिच्या बाजूचं दार उघडलं.

"मी आज बसने जाते," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्या गाडीत बसली नाही.

बुधवारी मी हॉस्पिटलच्या वकील बाईंची वेळ घेतली. रूथ, साठीच्या, चष्मा कपाळावर. मी त्यांना तिकिटाची प्रिंट दिली, आणि डेनिसचं नि ग्रेगचं बोलणं सांगितलं. त्यांनी ती दोनदा वाचली.

"फोनवर पेन ड्राइव्ह म्हणाली ती?"

"हो."

"तू लॉग पाहिलास?"

"पाहिला. सेव्ह केला नाही. कोणाला दाखवला नाही. त्यात एक नाव—"

त्यांनी हात वर केला. "नाव मला सांगू नकोस. मला कळलं म्हणजे हॉस्पिटलला कळलं."

मग त्यांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं. १९३५ सालचा कायदा आहे. त्याआधी कंपन्या गुप्तहेर भाड्याने घेऊन कामगार म्हणून आत घालायच्या. तो माणूस शेजारी उभा राहून काम करायचा, डबा खायचा, आणि संध्याकाळी नावं कळवायचा. नावं गेली की माणसं जायची. म्हणून कायद्याने पाळत ठेवणं बंद केलं. हॉस्पिटल उघडपणे म्हणू शकतं की आम्हाला युनियन नको. पण धमकी देता येत नाही, आमिष दाखवता येत नाही, कोण सामील आहे ते विचारता येत नाही आणि हेरगिरी करता येत नाही.

"सगळे मुलांची वेळापत्रकं छापतात," मी म्हणालो. "काढणार फक्त एकीला."

"तेच तर बोर्डासमोर महागात पडतं," रूथ म्हणाल्या. आणि चष्मा खाली घेत पुढे म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. मी युनियनच्या बाजूची नाही. मतदानात ते हरले तर मला आनंद होईल. मी फक्त हॉस्पिटलला मूर्खपणापासून वाचवते."

तीन दिवसांत भेटलेलं हे पहिलं माणूस, ज्याचं मला पूर्ण पटलं.

गुरुवारी तिकीट बंद झालं. शेरा: 'मागणी करणाऱ्याने मागे घेतली.' ग्रेगने विषय काढला नाही. आठवड्याभरात नव्या सर्व्हरचा प्रोजेक्ट मात्र माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिला. कारण विचारलं तर म्हणाला, "वर्कलोड बॅलन्स."

दीड महिन्याने कॅफेटेरियाच्या मागच्या खोलीत मतदान झालं. लेबर बोर्डाचे दोन लोक पुठ्ठ्याची घडीची मतपेटी घेऊन आले होते. लॅबवाले नऊ मतांनी जिंकले. पुढच्या महिन्यात वैशाली स्टीवर्ड झाली. करार मात्र अजून झालेला नाही. निवडणूक जिंकली की पगार वाढतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात फक्त वाटाघाटीला टेबलाशी बसायचा हक्क मिळतो, आणि बसणं वर्षभरही चालतं.

त्या हिवाळ्यात वैशाली मला इंडियन ग्रोसरीत भेटली. मी कोथिंबीर निवडत होतो.

"दादा," ती म्हणाली, "हॉस्पिटलविरुद्ध बोर्डाकडे केस केलीय आम्ही, तिची तयारी करताना एचआरच्या एका तिकिटाचं कळलं. त्या लॉगमध्ये माझं नाव आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

तिने विचार केला. उगाच बरं वाटावं म्हणून खोटं बोलली नाही. "नाही. मला वाटलं असतं, तुम्हाला त्यांनीच पाठवलंय."

"मलाही तुझ्याबद्दल तेच वाटलं होतं."

ती हसली नाही. मीही नाही. घरी सगळे कसे आहेत ते विचारून ती बिलाच्या रांगेकडे गेली.

माझी ग्रीन कार्डची फाइल उशिरा पुढे सरकली. ग्रेगमुळे की सरकारमुळे, ते मला कधीच कळणार नाही. कामापुरतं मी एवढंच शिकलो: कोणी फोनवर काही मागितलं की म्हणतो, "एक ओळ लिहून पाठवा." बहुतेक जण पाठवतात. जे पाठवत नाहीत, त्यांचं काम मी करत नाही, आणि आजवर त्यातल्या एकानेही तक्रार केलेली नाही.